आमच्या नावाने कोण लिहितंय?

सोमवार, ३ मार्च

भाचीची ताकीद आहे : "मामा, डोमेनमध्ये जे काही बदलाल ते तारीख घालून वहीत लिहा. नाहीतर महिन्याभराने काय मोडलं आणि कुणी मोडलं, काही कळत नाही." ती सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर मोडलेल्या गोष्टी बघते, त्यामुळे तिला जगात सगळीकडे मोडतोडच दिसते. तरी वही केली. कामाच्या नोंदवहीची मागची कोरी पानं होतीच.

तर प्रसंग असा. आमच्या सूक्ष्मदर्शक दुरुस्तीच्या कार्यशाळेच्या नावाने कोणी भामटा ईमेल पाठवतो आहे. "तुमचं यंत्र तयार आहे, खाली क्लिक करा." पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता थेट आमचा. एका शाळेच्या विज्ञानशिक्षकांनी क्लिक केलं आणि त्यांचा संगणक दोन दिवस आजारी पडला. त्यांनी फोन करून मलाच झापलं. मी म्हटलं, मी नाही पाठवलं. ते म्हणाले, "पत्ता तर तुमचाच आहे." भाचीला विचारलं, हे शक्य कसं आहे? ती म्हणाली, "पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं ना? ईमेलचंही तसंच."

मला विज्ञानशिक्षकांची काळजी नाही, कॉलेजची आहे. कॉलेजच्या लॅबची चाळीस यंत्रं दरवर्षी एप्रिलात येतात. आमचं निम्मं वर्ष त्यावर चालतं. असलं एखादं पत्र लॅबच्या मॅडमना गेलं आणि त्यांचा विश्वास उडाला, तर कार्यशाळेला कुलूप लागेल आणि मी घरी बसेन. मी घरी बसलो तर कसं होईल, असं हिला विचारलं. ही म्हणाली, "अहो, भरल्या घरात असं अभद्र बोलू नये."

गुरुवार, ६ मार्च

भाचीने फोनवर तासभर शिकवलं. माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे विसरणार नाही. डोमेन म्हणजे आपल्या नावाची पाटी, आणि तिच्या शेजारी एक फलक असतो. फलक जगात कुणालाही वाचता येतो, पण त्यावर लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला. फलकावर एक यादी लावायची : "आमच्या नावाने पत्रं फक्त या सर्व्हरवरून निघतील." पत्र पोचलं की घेणारा आधी फलक बघतो. पत्र यादीतल्या सर्व्हरवरून आलं तर ठीक, नाहीतर संशय.

यादी केली. एकच नाव टाकलं, आमची मेल सांभाळणाऱ्या कंपनीचं.

ही मागे उभी राहून बघत होती. "यादीत एकच?" म्हणाली.

"मग काय शेजाऱ्यांनाही घालू?"

"नाही, सहज विचारलं," म्हणाली आणि गेली.

शनिवार, ८ मार्च

आज सही. कंपनी आता माझ्या प्रत्येक पत्रावर एका गुप्त किल्लीने सही उमटवते, आणि त्या किल्लीची उघडी जोडीदार फलकावर टांगलेली असते. कोणीही ती लावून सही खरी का खोटी ते बघावं. वाटेत पत्रातला एक शब्द बदलला तरी सही जुळत नाही. मला ही गोष्ट फार आवडली. मी शब्द तोलून लिहितो. माझं पत्र जसं लिहिलं तसंच पोचावं, त्यात कुणी साखर घालू नये, एवढीच माझी आयुष्यभराची अपेक्षा आहे.

लोक आमच्याकडे येतात ते माझ्या स्पष्टपणासाठी. लॅबच्या मॅडमचंच उदाहरण घ्या. त्यांच्या मुलांनी यंत्रांचे काय हाल केले ते मी दरवर्षी रोखठोक लिहितो, आणि दरवर्षी त्या मला मुलांना हाताळणी शिकवायला मानाने बोलावतात. खऱ्याला मरण नाही म्हणतात ते उगाच नाही.

सोमवार, १० मार्च

तिसरी चिठ्ठी लावली. यादी आणि सही दोन्हीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं, ते ही चिठ्ठी सांगते. तीन पर्याय : जाऊ द्या पण मला कळवा, कचऱ्याच्या खणात टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. मी तिसरा निवडणार होतो. भाची फोनवर ओरडलीच. "मामा, एक महिना नुसतं बघायचं! रोज अहवाल येतील. तुमच्या नावाने कोण कोण लिहितंय ते एकेक ओळखायचं. सगळे ओळखीचे झाले की मगच दार लावायचं."

नुसतं बघायचं. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला ही पोर बघायला शिकवते.

बुधवार, १२ मार्च

पहिले अहवाल आले. उघडले तर नुसतं कंसांचं रान. भाचीने ते तक्त्यात बसवून दिले.

तीन जण आहेत. एक मी : सात पत्रं, सगळी पास. दुसरा कुठल्याशा लांबच्या देशातला : दोन हजार तीनशे, सगळी नापास. हाच तो भामटा. पण तिसरा निघेल असं वाटलं नव्हतं. लोक घरगुती मेलसाठी वापरतात तसल्या एका फुकट कंपनीच्या सर्व्हरवरून आमच्या नावाने सहा पत्रं गेली आहेत. यादीत नाही, आमची सही नाही, नापास. म्हणजे चोर एक नाही, दोन आहेत!

हा दुसरा जास्त पोचलेला दिसतो. जिथे जिथे माझी पत्रं जातात तिथूनच याचेही अहवाल आले आहेत : हॉस्पिटल, कॉलेज, शाळा. मी ज्या दिवशी लिहितो त्याच दिवशी हाही लिहितो. सोमवारी माझी चार, याचीही चार; मंगळवारी माझी तीन, याची दोन. माझ्यावर पाळत आहे, दुसरं काय?

जेवताना हिला सांगितलं. हिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "सहाच पत्रं ना? तो माणूस फार वाईट नसेल हो."

हिचा स्वभाव हा असा. चोराच्याही आधी चोराच्या पोटाचा विचार करेल.

शनिवार, १५ मार्च

दार लावलं. "परत पाठवा."

महिना काय महिना! पाच दिवसांत जे ओळखायचं ते ओळखलं. तिघांपैकी एक मी, बाकी दोन चोर. भाचीला सांगितलेलं नाही. उगाच तिचा रक्तदाब वाढायचा.

मी चिठ्ठी लिहीत असताना ही येऊन बसली. म्हणाली, "म्हणजे आता ती पत्रं जाणारच नाहीत?"

"जातील आणि दारातून परत येतील. वर शिक्का, या नावाच्या मालकाने मनाई केली आहे."

"मालकाने," ही म्हणाली. मग जरा वेळाने, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, आत्ता नको, इथे एक टिंब चुकलं तर सगळं ओम फस्. काम झाल्यावर विचारलं, काय सांगत होतीस? म्हणाली, "राहू दे. पुन्हा कधीतरी."

मंगळवार, १८ मार्च

दोन्ही चोर गार! लांबच्या देशातले सगळे परत, फुकटवाल्याचीही चार परत. इतकं समाधान मला गेल्या वर्षी त्या जुन्या पितळी यंत्राचा अडकलेला दांडा सुटला तेव्हा झालं होतं.

हिचं मात्र संगणकाशी बिनसलं आहे. सकाळपासून दोनदा बंद करून चालू केला. म्हणे पत्रं जात नाहीत, परत येतात. मी म्हटलं, तुझं खातं त्या फुकट कंपनीचं, फुकटात आणखी काय होणार? यावर ही माझ्याकडे जे बघत राहिली, ते मला अजून समजलेलं नाही.

कॉलेजची तीन यंत्रं आली, नेहमीप्रमाणे आधी नमुन्याला. त्यांची अवस्था बघून डोकं फिरलं. दुरुस्त करून पाठवली आणि पत्र लिहिलं : "फोकसचा स्क्रू शेवटपर्यंत पिळून वर आणखी पिळलेला आहे. हे सूक्ष्मदर्शक आहेत, नळाच्या तोट्या नाहीत. आधी मुलांना हात शिकवा, मग जीवशास्त्र शिकवा. आणि ते जमत नसेल तर त्यांना लांबून चित्रं दाखवा." स्पष्ट, थोडक्यात, एकही शब्द वाया नाही. पाठवलं.

शनिवार, २२ मार्च

रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्या भिंगावर बुरशी धरली होती. मी साफ करून दिलं आणि लिहिलं होतं की, रक्तातली पेशी दिसणाऱ्या बाईला कपाटातली ओल कशी दिसत नाही याचं नवल वाटतं.

"या वेळी एवढंच का पत्र?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, कमी पडलं का?

"नाही हो, पण नेहमी मागून दुसरं येतं ना."

मी अभिमानाने सांगितलं, "ते बनावट होतं! ते आता मी कायमचं बंद केलंय." त्या एकदम गप्प झाल्या. गहिवरून आलं असावं.

बुधवार, २६ मार्च

मॅडमचं पत्र. दोन ओळी. "यंदा यंत्रं दुसरीकडे द्यायचं ठरवलं आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार."

सकाळपासून काही सुचत नाही. एक भिंग हातातून पडलं. फुटलं नाही, पण माझ्या हातून भिंग पडतं, हेच पहिल्यांदा झालं. चाळीस यंत्रं. नऊ वर्षं. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहून टाकतो, दुसरीकडे कुठे बोलणार?

दुपारी वाटलं, हा त्या चिठ्ठीचाच घोळ असणार. माझंच पत्र अडलं असेल, किंवा वाटेत मोडलं असेल. भाचीला फोन केला आणि पाचव्या दिवशीच दार लावल्याचं कबूल केलं. ती जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही. मग तिने अहवाल तपासले.

"मामा, तुमचं एकही पत्र अडलेलं नाही. यादी पास, सही पास. कॉलेजला तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द जसाच्या तसा पोचलाय." मग म्हणाली, "काय लिहिलं होतंत?"

मी वाचून दाखवलं.

"मग बरोबर," ती म्हणाली. "फलकावरच्या या चिठ्ठ्या पत्र कुणाकडून आलं एवढंच तपासतात, मामा. ते पाठवायला हवं होतं का, हे नाही तपासत. आणि तो तिसरा कोण होता ते तुम्ही शोधलंच नाहीत. सहा पत्रं लिहिणारा चोर मी तरी अजून पाहिलेला नाही."

शुक्रवार, २८ मार्च

कॉलेजात गेलो. न कळवता. लॅबमध्ये मुलांचा तास चालू होता. एक मुलगी स्क्रू बोटाच्या टोकांनी अलगद फिरवत होती. गेल्या वर्षी मी शिकवलं होतं तसं. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो.

मॅडमना म्हटलं, माझ्या नावाने तुम्हाला बनावट पत्रं येत होती, त्यातून काही गैरसमज झाला असेल. त्या बुचकळ्यात पडल्या. "बनावट? कुठली?" मग कपाटातून फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. माझी पत्रं, आणि यंदाचं सोडलं तर माझ्या प्रत्येक पत्रामागे टाचणीने लावलेलं दुसरं. पाठवणारा आमचा पत्ता, खाली "आपली, कार्यशाळा". नऊ वर्षांची.

वरचंच वाचलं. गेल्या एप्रिलातलं. उतरवून आणलं आहे :

"मॅडम, सकाळच्या पत्राचा राग मानू नका. तुमची यंत्रं आली की ते दोन दिवस जेवतानाही त्यांच्याबद्दलच बोलत असतात. कुणी स्क्रू जोरात पिळला तर यांना स्वतःचाच कान पिळल्यासारखं होतं. तुमच्या मुलांना शिकवायला एक तास बोलवा ना त्यांना. खूश होतील, पण तसं म्हणणार नाहीत. प्रत्यक्षात ते पत्रातल्यापेक्षा बरे आहेत."

माझं डोकं तापलं. मी जेवताना काय बोलतो हे चोराला कसं कळलं? असं मोठ्याने म्हणालोही. आणि म्हणता म्हणताच कळलं. मी जेवतो तेव्हा समोर एकच माणूस असतं.

मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्या ऑफिसात कोणी आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे. खरं सांगू? नऊ वर्षांत तुमचं पत्र मी कधी एकटं वाचलंच नव्हतं. या वेळी वाचलं."

घरी कसा आलो ते नीट आठवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर मी त्या कळशालाच चोर म्हणत फिरत होतो.

शनिवार, २९ मार्च

सकाळी हिच्यासमोर उतारा ठेवला. हिने चष्मा लावून वाचला, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. म्हणाली, "बरं लिहिलंय की."

मी विचारलं, कधीपासून?

"ईमेल तुम्हाला मीच जोडून दिलं होतं. तेव्हाच माझ्या खात्यातून तुमच्या नावाने लिहायची सोय करून ठेवली. उत्तरं मात्र माझ्याकडे यायची. तुमचं 'पाठवलेलं' मी रोज वाचते. सगळ्याच पत्रांच्या मागे लिहावं लागतं असं नाही. आठवड्याला एखादं तुमचं चांगलं असतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गोड लिहायला लागला असतात का? तुम्ही मला लिहू दिलं नसतंत, एवढंच झालं असतं."

थोडा वेळ राग आला, तो कुणाचा ते ठरेना. मग लाज वाटली, तिचं मात्र लगेच ठरलं. लोक माझ्या स्पष्टपणासाठी येतात असं मी नऊ वर्षं धरून चाललो होतो. लोक येत होते ते हिच्यासाठी, आणि स्पष्टपणा सोसत होते.

"आणि त्या दिवशी तुला सांगायचं होतं ते हेच?"

"हो. पण तुमचं टिंब चुकलं असतं ना," ही म्हणाली.

रविवार, ३० मार्च

भाचीला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मी म्हटलं, मामीचा सर्व्हर यादीत घालून टाकतो. तर हसणं थांबवून म्हणाली, "मुळीच नाही! त्या फुकट सर्व्हरवरून अर्धं जग लिहितं. तो यादीत घातला तर अर्ध्या जगाला तुमचं नाव वापरायला मोकळीक. मामीला आपल्या डोमेनवर स्वतःचं खातं द्या. चोरवाटेने कशाला, पुढच्या दाराने येऊ दे."

दिलं. तिच्या पत्रांवर आता कार्यशाळेची सही उमटते. एक पत्र भाचीला पाठवून बघितलं : यादी पास, सही पास. हिने तक्त्यातलं आपलं नाव दोनदा वाचलं. मी म्हटलं, आता मीच जरा बरं लिहीन, तुला त्रास नको. ही म्हणाली, "खातं राहू दे. तुमचा काय भरवसा?"

सोमवार, ३१ मार्च

आज दिवसभरात एकच पत्र लिहिलं. तीनदा खोडलं. दोन भिंगं एका रेषेत आणायला इतका वेळ लागत नाही.

"मॅडम, तीन यंत्रांबरोबर मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. स्क्रू पिळले गेले होते हे खरं आहे. पण शिकणाऱ्याच्या हातून यंत्र बिघडतं म्हणूनच माझ्यासारख्याला काम आहे, हे मी विसरलो. परवा एक मुलगी यंत्र अगदी नीट हाताळताना दिसली. तुमच्या लॅबमध्ये शिकवायला यायला मला आवडतं. हे नऊ वर्षांत मी एकदाही लिहिलेलं नाही. यंत्रं कुठे द्यायची ते तुम्ही ठरवा, मुलांना शिकवायला मात्र मी बोलवाल तेव्हा येईन."

पाठवलं आणि हिला म्हटलं, बघ आता मागून काय लिहायचं ते. हिने 'पाठवलेलं' उघडून वाचलं. बराच वेळ वाचत होती. मग काही न लिहिता संगणक मिटला आणि आत गेली.

गुरुवार, ३ एप्रिल

तीन दिवस कॉलेजकडून काहीच नाही. दर तासाला मेल उघडतो. अहवालही पाहिला, पत्र पास होऊन पोचलेलं आहे. पोचलंय आणि उत्तर नाही, हे अडण्यापेक्षा वाईट.

दुपारी मी एका यंत्राच्या नळीत तोंड घालून बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. हिने उचलला आणि माझ्या कानाला लावला. मॅडम होत्या.

"तुमच्या पत्त्यावरून मला एक पत्र आलंय," त्या म्हणाल्या. आवाज सावध. "आमच्याकडच्या संगणक विभागाला दाखवलं. हल्ली कुणाचा भरवसा धरता येत नाही ना. त्यांनी दोन दिवस तपासलं. म्हणाले, सर्व्हर तुमचाच, सही खरी, सगळं पास. तरी माझी खात्री होईना, म्हणून म्हटलं विचारावंच. ते ऑफिसातल्या त्या दुसऱ्या कुणी लिहिलंय का?"

ही शेजारीच उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. मीच लिहिलंय."

पलीकडे फाइल मिटल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सोमवारी चाळीसच्या चाळीस पाठवते."